धातू बदलला म्हणजे शोध लागला काय?

गेल्या पावसाळ्यात इयत्ता नववीच्या वर्गात आम्ही घर्षणाचा पाठ घेत असता एका विद्यार्थ्याने उभे राहून एक प्रश्न विचारला. त्याचे वडील अंबडच्या एका लहान कारखान्यात काम करतात आणि सुटीच्या दिवशी द्राक्षबागाईतदारांची फवारणीयंत्रे दुरुस्त करून देतात. अशा एका यंत्राच्या इंजिनाचा वेग कमीजास्त करण्याचा जो दांडा असतो, त्यातील पितळी बुश धुळीने वारंवार झिजत असे. वडिलांनी त्या जागी नायलॉनचा बुश कातून बसविला. तो टिकला, खडखड थांबली आणि खर्चही वाचला. मुलाने विचारले, "सर, माझ्या बाबांना याचे पेटंट मिळेल का? आणि उद्या दुसऱ्याच कोणी ते घेतले, तर बाबांना स्वतःचा बुश बसवायला बंदी होईल का?"

वर्गात थोडा हशा पिकला. आम्हांस मात्र हसू आले नाही. या दोन प्रश्नांत पेटंटच्या कायद्याचा सर्व गाभा आलेला आहे, आणि त्यांचे उत्तर ज्या घरात कष्टाची भाकरी हातांच्या कौशल्यावर शिजते त्या घरास ठाऊक असणे अगत्याचे आहे. त्या दिवशी तास संपला. म्हणून दिलेले वचन आम्ही या अंकात पुरे करीत आहो.

पेटंट म्हणजे काय

पेटंट हा समाजाने शोधकाशी केलेला एक करार होय. शोधकाने आपली युक्ती लपवून न ठेवता, त्या धंद्यातील जाणत्या मनुष्यास ती करून पाहता येईल इतकी स्पष्ट लिहून द्यावी. त्याच्या मोबदल्यात सरकारने त्यास काही वर्षे ती युक्ती वापरण्यापासून इतरांस रोखण्याचा हक्क द्यावा. मुदत संपली की ती युक्ती सर्वांची. आपल्या देशात अशा कायद्याचा आरंभ १८५६ साली झाला, आणि त्या पहिल्या कायद्याखाली पहिला अर्ज जॉर्ज डिपेनिंग यांनी केला, तो पंखा ओढण्याच्या यंत्राविषयी होता. सध्याचा कायदा १९७० सालचा असून त्यात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या आहेत. हल्ली पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे.

वीस वर्षे हा काळ थोडा नव्हे. जी गोष्ट कोणाही जाणत्या कारागिरास सहज सुचली असती, तिच्यावर जर एकाने वीस वर्षे कुंपण घातले, तर तो करार राहात नाही. ती सार्वजनिक गायरानावरील चढाई होते. यास्तव कायदा तीन गोष्टी मागतो. वस्तू नवी असावी, ती उद्योगात उपयोगी पडणारी असावी, आणि तीत शोधाचे पाऊल असावे. हे तिसरे कलम सर्वांत अवघड. कायद्याच्या व्याख्येचा आशय असा: पूर्वीच्या ज्ञानाहून तांत्रिक प्रगती झाली पाहिजे किंवा वस्तूस आर्थिक महत्त्व पाहिजे, अथवा दोन्ही, आणि याखेरीज ती गोष्ट त्या विद्येत निपुण असलेल्या माणसास उघड दिसण्याजोगी नसावी. येथील "आणि" हा शब्द विद्यार्थ्यांनी अधोरेखित करावा. केवळ पैसे वाचले एवढ्याने पेटंट मिळत नाही. शिवाय ठाऊक असलेल्या पदार्थाचा एखादा नवा गुण किंवा नवा उपयोग नुसता सापडणे यास आपला कायदा शोध म्हणतच नाही.

मग पितळेच्या जागी नायलॉन, बिडाच्या जागी अॅल्युमिनियम, लोखंडाच्या जागी चिनीमाती, असा पदार्थाचा पालट केला म्हणजे शोध झाला काय?

दाराची मूठ आणि दातांची कवळी

या प्रश्नाचा पहिला प्रसिद्ध निकाल एका दाराच्या मुठीवरून लागला. अमेरिकेत १८४१ साली हॉचकिस व त्याच्या सोबत्यांनी कुंभारी मातीच्या अथवा चिनीमातीच्या मुठींचे पेटंट घेतले. मुठी पूर्वी लाकडाच्या व धातूच्या होत्या. मातीच्या वस्तू तर फार प्राचीन. आणि मुठीत दांडा पक्का बसविण्याची युक्तीही आधी वापरात होती. १८५१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरविले. न्यायालयाचा आशय असा की, यात धंद्यातील सामान्य माहितगार कारागिराहून अधिक कल्पकता दिसत नाही. हे कुशल कारागिराचे काम आहे, शोधकाचे नव्हे. एका न्यायाधीशांनी मात्र वेगळे मत दिले. त्यांचे म्हणणे, वस्तू नवी असून ती अधिक चांगली व स्वस्त झाली असेल, तर एवढे पुरे समजावे. हे मत मागे पडले, तथापि ते मूर्खपणाचे नव्हते. लोकांच्या घरात स्वस्त व टिकाऊ वस्तू आणणाऱ्याचे उपकार थोडे नसतात.

आता याच्या उलट बाजू पाहा. त्याच न्यायालयापुढे १८७६ च्या सत्रात दातांच्या कवळीचा खटला आला. पूर्वी कवळीची पट्टी सोन्यासारख्या धातूची करीत. कमिंग्ज नामक दंतवैद्याने ती कठीण रबराची केली. वरवर पाहता हाही पदार्थाचा पालटच. परंतु त्याने मऊ रबर साच्यात भरले, त्यात दात रोवले आणि मग उष्णता देऊन सर्व एकजीव कठीण केले. त्यामुळे पट्टी हलकी व हिरड्यांस बरोबर बसणारी झाली आणि दात तिच्यातून सुटेनासे झाले. न्यायालयाने पेटंट मान्य केले. कारण हाती आलेली वस्तू गुणाने निराळी होती.

या हक्काची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी जाणावी. ज्या कंपनीकडे ते पेटंट गेले, तिने दंतवैद्यांकडून परवान्याचे पैसे इतक्या कठोरपणे वसूल केले की, १८७९ साली सॅन फ्रान्सिस्को शहरी एका दंतवैद्याने कंपनीच्या अधिकाऱ्यास गोळी घालून ठार मारले. असल्या अत्याचाराचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु "उघड" आणि "अनुघड" या दोन शब्दांमधील रेघ कोठे ओढली जाते, यावर माणसांचे पोट अवलंबून असते, हे त्यावरून ध्यानात यावे.

इंजिनातील दट्ट्या

आता मुठीवरून आपण इंजिनाकडे वळू. इंजिनाच्या सिलिंडरात जो दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली धावतो, तो पूर्वी बिडाचा करीत. बीड जड. एक घन सेंटिमीटर बिडाचे वजन सुमारे ७.२ ग्रॅम, तर तेवढ्याच अॅल्युमिनियमचे २.७ ग्रॅम. दर मिनिटास हजारो वेळा थांबून उलट फिरणारी वस्तू हलकी असावी, हे शाळकरी मुलासही समजेल. अॅल्युमिनियममधून उष्णताही अधिक लवकर वाहून जाते. मग दट्ट्या अॅल्युमिनियमचा करणे ही उघड गोष्ट नव्हती काय?

पुढील उदाहरण वहीत सोडवून पाहावे. तापमान १ अंशाने वाढले असता अॅल्युमिनियम आपल्या लांबीच्या दशलक्षांश मापाने सुमारे २३ भाग वाढते, बीड सुमारे ११ भाग. ५० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या २०० अंशांनी तापला, तर तो अॅल्युमिनियमचा असल्यास ०.२३ मिलिमीटर फुगेल. बिडाचा असल्यास ०.११ मिलिमीटर. फरक ०.१२ मिलिमीटरचा झाला. लहान इंजिनात दट्ट्या व सिलिंडर यांमधील फट मात्र मिलिमीटरच्या काही शतांशांचीच असते. म्हणजे बिडाच्या सिलिंडरात अॅल्युमिनियमचा दट्ट्या जुन्याच मापाने बसविला तर तो तापताच जखडेल. आणि आधीच सैल ठेवला तर थंड असताना खडखडेल व तेल वर चढेल. त्यातच हा धातू ६६० अंशांवर वितळणारा, आणि त्याच्या डोक्यावर तर ज्वाला. जाणत्या माणसांस भीती वाटली ती उगाच नव्हे.

डब्ल्यू. ओ. बेंटली या इंग्रज अभियंत्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९१३ साली फ्रान्समधील एका मोटार कारखान्यात त्याने मेजावर अॅल्युमिनियमचा एक छोटा दट्ट्या कागद दाबण्यासाठी ठेवलेला पाहिला, आणि खऱ्या इंजिनात तो चालवून पाहावा असे त्याच्या मनाने घेतले. त्याने तांबे मिसळलेल्या अॅल्युमिनियमचे दट्टे वापरून यश मिळविले. पुढे अशा दट्ट्यांस किंचित लंबगोल व वरच्या अंगास निमुळता आकार देण्यात येऊ लागला, तो याच हेतूने की, तापल्यावर तो फुगून बरोबर गोल बसावा.

धातूच्या मिश्रणातही असाच एक अडसर होता. अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन मिसळले की प्रसरण कमी होते, हे चांगले; पण ओतकामात सिलिकॉनचे मोठे, टोकदार कण बनून धातू ठिसूळ होई. अलादार पाक्झ याने ओतण्यापूर्वी त्या रसावर सोडियम फ्लोराइडाचा संस्कार केला, तेव्हा ते कण बारीक होऊन धातू चिवट झाला. या युक्तीस अमेरिकेत १९२१ साली पेटंट मिळाले. दोन पदार्थ तेच. परंतु चिमूटभर क्षाराने असा पालट घडेल, हे जुन्या ज्ञानावरून कोणी सांगू शकले नसते. शोधाचे पाऊल म्हणतात ते असे.

मिर्झापूरची भांडी

जुन्या नाशकातील तांबट आळीतून जाताना ज्यांनी ठोके ऐकले आहेत, त्यांस पुढील खटला जवळचा वाटेल. मिर्झापूर येथील हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या पेढीने १९५१ साली भांडी लेथवर धरून घासण्या-उजळण्याच्या एका पद्धतीचे पेटंट घेतले. पूर्वी भांडे लुकणाने चिकटवीत किंवा यंत्राच्या जबड्यात पकडीत. ते निसटे आणि कारागिरास धोका होई. नव्या पद्धतीत समोरच्या बाजूने, लेथच्या टेलस्टॉकमधून पुढे येणाऱ्या दांड्याने भांडे दाबून धरावयाचे होते. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या दुसऱ्या पेढीने तीच रीत वापरली, आणि वाद न्यायालयात गेला.

अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी पेटंट रद्द केले. तेथील खंडपीठाने ते पुन्हा उभे केले. शेवटी १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायमचे रद्द ठरविले. न्यायालयाने मांडलेले तत्त्व असे की, ठाऊक असलेल्या गोष्टीत केलेली सुधारणा ही नुसत्या कारखान्यातील सुधारणेहून काही अधिक असली पाहिजे. जुन्या वस्तू एकत्र आणल्या तर त्या संयोगातून नवा परिणाम किंवा पूर्वीहून चांगली अथवा स्वस्त वस्तू निघावी, आणि त्यात शोधाचे पाऊलही असावे. टेलस्टॉकने वस्तू दाबून धरणे ही लेथवाल्यांची जुनीच रीत. ती भांड्यास लावली एवढेच.

या खटल्यातील काळाचा हिशेब मुलांनी करावा. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पेटंटची मुदत १६ वर्षांची होती. १९५१ चे पेटंट १९६७ साली आपोआपच संपावयाचे. अखेरचा निकाल मात्र १९७८ साली. "उघड काय" हे ठरवावयास विद्वान न्यायाधीशांस २५ वर्षांहून अधिक लागली, आणि त्यांच्यातही दुमत झाले!

आकुर्डीचे इंजिन

इंजिनाच्या भागांवरून झालेला आपल्याकडील सर्वांत गाजलेला वाद पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज ऑटो कंपनीचा होय. मोटारसायकलीच्या लहान सिलिंडरात एकाऐवजी दोन स्पार्क प्लग समोरासमोर बसविले असता ठिणगी दोन ठिकाणी पडते, ज्वालेस निम्मेच अंतर जावे लागते, आणि पेट्रोल कमी व हवा जास्त असलेले पातळ मिश्रणही नीट जळते. सिलिंडराचा व्यास ४५ ते ७० मिलिमीटर, म्हणजे जागा फार थोडी. म्हणून दुसऱ्या प्लगला तेलापासून जपण्यासाठी एक नळकांडे बसविले होते. या रचनेचा अर्ज १६ जुलै २००२ रोजी झाला आणि २००५ साली पेटंट मिळाले.

२००७ साली दक्षिणेकडील टीव्हीएस मोटर कंपनीने दोन प्लग व तीन झडपा असलेल्या १२५ सीसीच्या मोटारसायकलीची घोषणा केली, आणि दोन्ही कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. बजाजचे म्हणणे, इतक्या लहान सिलिंडरात पातळ मिश्रणासाठी अशी रचना पूर्वी कोणी केली नव्हती. टीव्हीएसचे म्हणणे, दोन प्लग ही जुनी गोष्ट आहे, होंडा कंपनीच्या पूर्वीच्या पेटंटात ती आलेली आहे. माप लहान केले म्हणून शोध होत नाही. शिवाय आमच्या इंजिनास झडपा तीन आहेत. येथे प्रश्न धातूचा नसून मापाचा होता, परंतु गाभा तोच: ठाऊक असलेली वस्तू नव्या जागी नेली, तर ती केव्हा शोध ठरते?

१६ फेब्रुवारी २००८ रोजी एका न्यायाधीशांनी बजाजच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम दिला. १८ मे २००९ रोजी खंडपीठाने तो उठविला. १६ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला हिशेब ठेवण्याच्या अटीवर विक्री करू दिली आणि मूळ दावा लवकर निकालात काढण्यास सांगितले. तरीही वाद रेंगाळला, व २०१९ साली उभय पक्षांनी तडजोड करून तो मिटविला. दोन प्लगांचे ते इंजिन शोध होते की कुशल कारागिरी, याचा अखेरचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने कधी दिलाच नाही.

चार प्रश्न

इतके खटले सांगण्याचा हेतू विद्यार्थ्यांनी तारखा पाठ कराव्या हा नव्हे. पुढे कोणी कारखान्यात जाईल, कोणी वकील होईल, कोणी वडिलांचे दुकान चालवील. "हे माझे" असे म्हणण्यापूर्वी आणि "हे तर उघडच होते" असे दुसऱ्यास म्हणण्यापूर्वी त्याने चार प्रश्न विचारावे. पहिला, यापूर्वी काय ठाऊक होते? दुसरा, त्याहून हे नेमके कोठे निराळे आहे? तिसरा, जुने ज्ञान जाणत्या कारागिरास या वाटेकडे नेत होते, की तिच्यापासून परावृत्त करीत होते? चौथा, जे फळ मिळाले ते अपेक्षेप्रमाणेच, की अपेक्षेपलीकडचे?

यांतील तिसरा प्रश्न प्रामाणिकपणाची खरी परीक्षा पाहतो. कोड्याचे उत्तर कळल्यावर जो तो म्हणतो, "हे तर मला येतच होते." दट्ट्या अॅल्युमिनियमचा असावा हे आज आपणांस उघड वाटते, कारण तो झालेला आपण पाहतो. न्याय करणाऱ्याने आपले आजचे ज्ञान बाजूस ठेवून त्या दिवसाच्या कारागिराच्या जागी उभे राहावयाचे असते. दुसऱ्याच्या श्रमास हलके लेखणे जितके वाईट, तितकेच सर्वांच्या मालकीचे ज्ञान आपल्या नावावर लावणेही वाईट.

आता त्या मुलास उत्तर देऊ. बाळा, तुझ्या बाबांच्या बुशास बहुधा पेटंट मिळणार नाही. नायलॉन १९३५ सालापासून ठाऊक आहे, त्याचे बुश अनेक यंत्रांत वापरले जातात, आणि ते झीज व आवाज कमी करतात हे धंद्यातील लोक जाणतात. अपेक्षेप्रमाणेच फळ मिळाले. परंतु नायलॉन पाणी शोषून किंचित फुगतो. ती अडचण जर त्यांनी काही नव्या, कोणास न सुचलेल्या रचनेने दूर केली असेल, तर गोष्ट निराळी. तसे असल्यास अर्ज करण्यापूर्वी ती कोणास दाखवू नये व छापू नये, कारण एकदा लोकांत उघड झालेली वस्तू नवी राहात नाही. अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात करता येतो.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक समाधानाचे आहे. जी रीत आधीच उघडपणे वापरात आहे, तिच्यावर दुसऱ्याने हक्क सांगू नये अशी कायद्याची इच्छा आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्यापूर्वी, कोणाही व्यक्तीस पुराव्यानिशी लेखी विरोध करता येतो. त्यास कंपनी असावे लागत नाही. यासाठी बाबांनी आपल्या कामाची वही ठेवावी. केव्हा, कोणत्या यंत्रात, काय बसविले, ते तारखेसह लिहावे, बिले जपावी, शक्य तर छायाचित्र काढावे. मिर्झापूरच्या खटल्यात काय किंवा पुण्याच्या वादात काय, "हे पूर्वी होते" एवढे तोंडी म्हणून भागले नाही. ते दाखवावे लागले.

आमच्या शहराशेजारी शरणपूर येथे एकोणिसाव्या शतकात मिशनच्या वसाहतीत मुलांस पुस्तकांबरोबर सुतारकाम व लोहारकाम शिकवीत. त्या गुरूंस ठाऊक होते की, हातांची विद्या ही देखील ईश्वराची देणगी आहे. पवित्र शास्त्राच्या आरंभीच्या पानांतही तांब्या-लोखंडाची हत्यारे घडविणाऱ्या तुबल-काइनाचे नाव आलेले आहे. प्रत्येक कारागीर शोधक होत नाही, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. पेटंट न मिळालेल्या त्या लहानशा बुशाने एका शेतकऱ्याची फवारणी वेळेवर झाली. तालंतांच्या दाखल्यात धन्याने चाकरांस विचारले ते एवढेच, की दिलेल्याचे तुम्ही काय केले. बाबांना आमचा नमस्कार सांग, आणि वही आजच सुरू करावयास सांग.